अर्धा लिटर पाऊस

मित्रांनो, आधी काचेवरची बोटं काढा. ठसे उमटतात, आणि मला डाग मुळीच खपत नाहीत. हं, आता नीट उभे राहा. तुमच्या बाईंनी आत्ता पाटी वाचून दाखवली, 'जुना पर्जन्यमापक, तांबे व पितळ, हाताळू नये'. झाली माझी ओळख, असं त्यांना वाटतं. मी म्हणजे पावसाचं माप घेणारं भांडं. वर नरसाळं, नरसाळ्याला पितळेचा काठ, खाली जमिनीत अर्धा पुरलेला तांब्याचा डबा आणि डब्याच्या पोटात काचेची बाटली. एवढाच माझा संसार. मला हात का लावायचा नाही, ते पाटीवर लिहिलेलं नाही. ते मी सांगणार आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला ऐकवणार नाही त्याने पलीकडच्या कपाटातला भूकंपमापक बघावा. तो बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मला एका तांबटाने घडवलं. त्याने एकाच पत्र्यातून आम्हां दोघांना कापलं, मला आणि माझ्या जुळ्या भावाला. तांबट कमी बोलायचा आणि जास्त ठोकायचा. काम झाल्यावर त्याने माझ्यात पाणी भरलं, ते भावात ओतलं, भावातलं परत माझ्यात ओतलं, आणि थेंबभरही फरक पडत नाही हे बघून तो बिडी ओढायला गेला. त्याच्याकडून एवढंच कौतुक मिळायचं. मला डोंगराच्या अलीकडच्या गावात नेलं, भावाला पलीकडच्या गावात. तेव्हा डोंगर नुसता डोंगर होता. पुढे त्याच्या माथ्यावरून तारेचं कुंपण गेलं, दोन्ही बाजूंना बंदुकवाले बसले, आणि माझा सख्खा भाऊ परदेशी झाला. ढग मात्र तेच होते. सकाळी त्याच्यावर पडलेला पाऊस दुपारी माझ्यावर यायचा.

आमचं हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक अंगण आणि एक उंच खांब. खांबाच्या टोकाला वातदर्शक होता, वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण. मी त्याला वरचा शहाणा म्हणायचो. वारा जिकडून येईल तिकडे तोंड फिरवायचं, एवढंच त्याचं काम, पण ऐट अशी की जणू वारा हाच सोडतो. मी खाली गवतात. एकदा एका कुत्र्याने माझ्यावर तंगडी वर केली, तेव्हा तो वर करकर करत गोल फिरला. तो हसत होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

केंद्राचे निरीक्षक त्याच दोन खोल्यांमागच्या घरात राहायचे. गाव त्यांना थेंबेमामा म्हणायचं. पावसाचे थेंब मोजणारा माणूस म्हणून थेंबे, आणि सगळ्या गावाच्या पोरांना गोळ्या वाटणारा म्हणून मामा. रोज सकाळी साडेआठला ते गोणपाट अंथरून माझ्यापाशी गुडघे टेकायचे. बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा, आकडा लिहायचा. मग पांढऱ्या फडक्याने माझं नरसाळं पुसायचं. पाऊस नसला तरी पुसायचं. एकतीस वर्षं. शाळेचे हेडमास्तर दर वर्षी विचारायला यायचे, "मामा, खेळांच्या दिवशी पाऊस नाही ना?" मामा म्हणायचे, "मास्तर, मी सांगत नाही, मी मोजतो. पडून गेल्यावर या." हेडमास्तर चिडून जायचे. पण मामांचा आकडा कधी चुकीचा आहे, असं त्या एकतीस वर्षांत कोणी म्हटलं नाही.

मामी लवकर गेल्या. एकच लेक होती, तिचं लग्न झालं, जावई सैन्यात. त्याची बदली लांब झाली तेव्हा लेक पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन बापाकडे राहायला आली. मुलीचं नाव काहीतरी मोठं ठेवलं होतं, पण घरात सगळे तिला छकुली म्हणायचे. इथून पुढे गोष्ट तिचीच आहे, हे लक्षात ठेवा.

लेकीला दूध येईना, म्हणून छकुलीला पावडरचं दूध सुरू केलं होतं. आमच्या गावच्या नळाचं पाणी जड. साबणाला फेस यायचा नाही, किटलीत पांढरा थर बसायचा. ते पाणी छकुलीला बाधलं. पोट दगडासारखं व्हायचं, पाय पोटाशी घेऊन ती तासन्‌तास रडायची. दवाखान्यातली नर्स म्हणाली, हलकं पाणी मिळालं तर बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आकडा लिहिला आणि माझ्या बाटलीतलं पाणी नेहमीसारखं झाडाला घालायच्या ऐवजी स्वयंपाकघरात नेलं.

लेक म्हणाली, "बाबा, सरकारी भांड्यातलं पाणी पाजू मी माझ्या पोरीला?"

"अगं, गावातलं सगळ्यात स्वच्छ भांडं आहे ते. तुझ्या ओट्यापेक्षाही."

"माझ्या ओट्याला नावं ठेवू नका. चहा तुमचा उतू जातो रोज."

"बरं बाई, ओटा माझाच घाण. पण हे पाणी बघ तरी. तुझ्या छतावरच्या पन्हाळीत पाखरं घाण करतात, बादलीत पाचोळा पडतो. याला मी रोज पुसतो. उकळून घे आणि एकदा देऊन बघ."

तिने पाणी उकळलं, दूध कालवलं, छकुलीला पाजलं. छकुली प्यायली आणि झोपली. लेकीने तिच्या पोटावर हात ठेवून बघितलं, मऊ होतं. मग ती अंगणात आली, माझ्याकडे बघून हसली आणि पदराच्या टोकाने माझा काठ पुसला. मित्रांनो, मी लपवत नाही, मला फार बरं वाटलं. एवढी वर्षं माझं पाणी नुसतं मोजलं जात होतं. आता ते कोणाच्या तरी पोटात जात होतं. पाऊस पडला की मामा पाणी वेगळ्या बाटलीत भरून तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावायचे आणि फळीवर ठेवायचे. त्या पाण्याला घरात दुसरं कोणी हात लावत नसे. मामांना एकदा खोकल्याची गोळी घ्यायची होती, तर लेक म्हणाली, "ती बाटली नाही हं, ती तिची." मामा म्हणाले, "मला काय ठाऊक नाही?" आणि ते नळाचं जड पाणी प्यायले.

मग पाच आठवडे पाऊस आला नाही. फळीवरच्या बाटल्या एकेक करून संपल्या. छकुलीचं पोट पुन्हा दगड झालं. आणि त्याच सुमाराला युद्ध सुरू झालं.

डोंगरापलीकडे, माझ्या भावाच्या गावाजवळ, त्यांची अणुवीज बनवायची भट्टी होती. लेक छतावर कपडे वाळत घालायला गेली की तिला त्या भट्टीच्या दोन उंच चिमण्या दिसायच्या. आमच्या गावात कोणालाच त्या आवडायच्या नाहीत. त्यांची वीज, त्यांचा झगमगाट, आणि आमच्याकडे दर संध्याकाळी अंधार. युद्ध सुरू झाल्यावर चहाच्या टपरीवर सगळे एकच बोलायचे, ती भट्टी उडवली पाहिजे. उडवल्यावर तिच्यातलं विष कुठे जाईल, हेही कोणीतरी विचारलं. टपरीवाला म्हणाला, "जाईल तिकडेच. आपल्याला काय त्याचं?"

एका सकाळी केंद्रातला फोन वाजला. राजधानीतल्या मुख्यालयातून मोठे साहेब बोलत होते. एकतीस वर्षांत त्या फोनवर मोठे साहेब कधी आले नव्हते. मामा उभे राहून बोलले.

"दर तासाला वाऱ्याची दिशा कळवायची. चुकवायचं नाही."

"नाही चुकवणार साहेब. आणि पाऊस?"

"पावसाचं काही नको. फक्त वारा."

झालं, वरच्या शहाण्याला आभाळ ठेंगणं झालं. मामा दर तासाला अंगणात येऊन मान वर करून त्याच्याकडे बघायचे आणि धावत आत जायचे. माझ्याकडे तीन दिवस कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. नरसाळ्यावर धूळ बसली. मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या घातल्या की बस.

वारा तिन्ही दिवस पश्चिमेकडून वाहत होता, म्हणजे आमच्याकडून त्यांच्याकडे. "बाबा, एवढं वाऱ्याचं काय अडलंय त्यांचं?" लेकीने विचारलं. छकुली तिच्या खांद्यावर रडत होती. मामा म्हणाले, "युद्ध आहे. विमानं उडवायची असतील." पण तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं होतं. ते अंगणाच्या कठड्यापाशी उभे राहिले, डोंगराकडे बघत राहिले, आणि मग माझ्याशेजारी खाली बसले. ते गोणपाट न घालता बसले, ही गोष्ट मी कधी पाहिली नव्हती. "वारा तिकडेच आहे ना," ते स्वतःशीच म्हणाले. "आपल्याकडे काही येत नाही." मित्रांनो, मलाही तेच वाटलं. पलीकडे माझा सख्खा भाऊ होता, तरी मला तेच वाटलं. स्वतःची कातडी वाचली की नातंगोतं कसं आठवेनासं होतं, ते मी स्वतःवरून सांगतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. माझं तोंड कायम आभाळाकडे असतं. गाव, रस्ता, डोंगर मला दिसत नाही. मला फक्त वरचं दिसतं. आणि वर, फार वर, पिसांसारखे पातळ ढग उलटे चालले होते. खाली वारा पश्चिमेचा आणि वर पूर्वेचा. असं होतं पुष्कळदा. खालचा वारा वेगळा, वरचा वेगळा. जुन्या निरीक्षकांना ते पाठ असतं, म्हणून तर नोंदवहीत वरच्या ढगांच्या दिशेचा वेगळा रकाना असतो. मामांनीही खाली बसल्या बसल्या मान वर केली आणि त्यांना ते दिसलं. ते उठले. फोन वाजतच होता.

"साहेब, वारा पश्चिमेचा आहे, पण वरचे ढग उलटे येताहेत. आपल्या बाजूला."

"तुम्हांला ढगांचं कोणी विचारलंय?"

"विचारलं नाही, पण रकाना असतो साहेब."

"रिकामा ठेवा. बाण काय म्हणतो तेवढं सांगा. इथे लोक खोळंबलेत."

 आतल्या खोलीत छकुली रडत होती, ते फोनमध्येही ऐकू गेलं असेल. मग मामा म्हणाले, "बाण पश्चिमेचा." त्यांनी नोंदवही ओढली, वाऱ्याची दिशा लिहिली आणि पुढचा रकाना कोरा सोडला. एकतीस वर्षांतला पहिला.

दुपारी बाराच्या सुमाराला विमानं माझ्यावरून गेली. मग जमीन हादरली, माझ्या पोटातली बाटली डब्याला लागून वाजली. छतांवर लोक चढले. चिमण्या पडल्या, चिमण्या पडल्या, असा ओरडा झाला आणि कोणीतरी ताट बडवायला लागलं. बराच वेळ लोक टाळ्या वाजवत होते. धूर डोंगरापलीकडे उठला आणि खालच्या वाऱ्याने पलीकडे वळला. बघा, म्हटलं होतं ना, असं टपरीवाला सगळ्यांना सांगत फिरला. छतांवरच्या लोकांना धुराचं खोड दिसत होतं. शेंडा मला दिसत होता. शेंडा वरच्या वाऱ्यात शिरला, मोडला आणि दुधावर साय धरावी तसा माझ्या तोंडावरच्या सगळ्या आभाळात पसरला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला नुसतं तोंड आहे, आवाज नाही.

चार वाजता पाऊस आला.

पाच आठवड्यांनी आलेला पाऊस, मित्रांनो. लोक ओले होत रस्त्यात उभे राहिले. युद्ध जिंकल्याचा आणि पावसाचा आनंद एकदमच झाला. लेक छकुलीला घेऊन दारात आली. तिने हात बाहेर काढून ओंजळ भरली, छकुलीच्या गालाला पाणी लावलं आणि म्हणाली, "आलं गं तुझं पाणी." छकुली हसली. थेंब माझ्या नरसाळ्यावर पडत होते, बाटलीत उतरत होते. पाणी दिसायला नेहमीसारखंच होतं. त्याला वास नव्हता, रंग नव्हता. मी ते सगळं जपून घेतलं. एक थेंबही बाहेर सांडू दिला नाही, ते माझं कामच होतं.

सकाळी साडेआठला मामांनी गोणपाट अंथरलं. माप डोळ्यासमोर धरलं. चौदा पूर्णांक आठ मिलिमीटर. म्हणजे माझ्या मापाने साधारण अर्धा लिटर पाणी, छकुलीच्या चार बाटल्यांचं. त्यांनी आकडा शाईने लिहिला, माझं नरसाळं फडक्याने पुसलं, तारखेची चिठ्ठी लावली आणि बाटली आत नेली. ते गुणगुणत होते. लेकीने पाणी उकळलं. खळखळून, दहा मिनिटं, घड्याळ लावून. उकळल्याने जंतू मरतात. त्या पाण्यात जे होतं ते मरत नाही, वाफ निघून गेल्यावर ते राहिलेल्या पाण्यात आणखी दाट होतं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. छकुली पहिली बाटली प्यायली आणि पोट मऊ होऊन चार तास झोपली. सगळं घर आनंदात होतं.

त्या दिवशी फोन एकदाही वाजला नाही. शेवटी मामांनीच लावला.

"साहेब, कालचा पाऊस चौदा पूर्णांक आठ."

 साहेब म्हणाले, "निरंक लिहा."

"अहो साहेब, पडलाय. गाव भिजलंय."

"तुमच्याकडे पाऊस पडलेला नाही. निरंक लिहा आणि फोन ठेवा."

"मी शाईने लिहून बसलोय, साहेब. पडला तो पडला."

मोठ्या साहेबांनी फोन आपटला. तेव्हा छकुली एक बाटली प्यायली होती, तीन बाकी होत्या. साहेबांना सगळं माहीत होतं. राजधानीतल्या यंत्रांनी रात्रीच त्यांना सांगितलं होतं. 'ते पाणी पिऊ नका', एवढंच एक वाक्य त्यांना बोलायचं होतं. ते बोलले असते तर पाऊस पडल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून ते बोलले नाहीत. मी इथे कपाटात उभा राहून या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. मला अजून त्या माणसाचा राग येतो आणि तो कधी जाईल असं वाटत नाही. मामा तर उलट खूश होते. "निरंक म्हणे," ते लेकीला म्हणाले. "मी खोटा आकडा लिहीन होय?" आपण साहेबाला न घाबरता खरं लिहिलं, या आनंदात त्यांनी साहेबाने तसं का सांगितलं हे विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. तोंडाला मुखवटे आणि अंगभर पांढरे झगे घातलेली दोन माणसं उतरली. एकाच्या हातात कटकट वाजणारी पेटी होती. ती पेटी त्याने पायरीवर धरली तर हळू वाजली, गवतावर धरली तर जोरात, आणि माझ्या नरसाळ्यावर धरली तेव्हा कटकट राहिलीच नाही, एकच लांब आवाज झाला. तो माणूस दोन पावलं मागे सरकला. पांढऱ्या फडक्याने रोज पुसलेल्या माझ्यासारख्या भांड्यापासून तो मागे सरकला.

"यातलं पाणी कुठे ओतलंत?" त्याने मामांना विचारलं.

 मामा दाराकडे बघत होते. दारात लेक उभी होती, कडेवर छकुली होती आणि छकुलीच्या तोंडात चौथी बाटली होती. तळाशी दोन घोट राहिले होते. मुखवटेवाला हळूच पुढे गेला, त्याने बाटली काढून घेतली. छकुली रडायला लागली. त्याने पेटी तिच्या गळ्यापाशी धरली आणि मग लगेच बंद केली, म्हणजे आईला तो आवाज फार वेळ ऐकू जाऊ नये.

"बाबा, काय आहे हो ते?" लेकीने विचारलं. मामा म्हणाले, "मला माहीत नाही." मग म्हणाले, "मला माहीत असायला हवं होतं."

त्यांनी छकुलीला गोळ्या दिल्या. त्या गोळ्या पाणी पिण्याआधी द्यायच्या असतात. मला तीन पिशव्यांत बांधून नेलं, आम्लाने घासलं, पुन्हा घासलं, आणि शेवटी या संग्रहालयात आणून ठेवलं. लेक त्याच गाडीतून मुलीला घेऊन गेली. जाताना तिने मागे पाहिलं नाही. मामा गाडीमागून फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

मग चौकशी बसली. मोठे साहेब टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते, चौकशी करणाऱ्यांमध्ये. नोंदवही उघडली. मामांच्या चौदा पूर्णांक आठवर शिक्का मारून शेजारी 'निरंक' लिहिलेलं होतं, त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. सगळ्यांनी बोट ठेवलं ते कोऱ्या रकान्यावर. वरच्या ढगांची दिशा निरीक्षकाने का लिहिली नाही? लिहिली असती तर हल्ला पुढे ढकलता आला असता. मामा म्हणाले, "मला रिकामा ठेवायला सांगितलं होतं." कोणी, असं विचारलं. मामांनी समोर बघितलं. साहेब कागद चाळत होते. "लेखी आहे का काही?" लेखी काही नव्हतं. मामांना कामावरून काढलं, साहेबांना वर्षभराने बढती मिळाली.

आणि पलीकडे? खालच्या वाऱ्याने धुराचं खोड त्यांच्या गावांवर नेलं. माझा भाऊ जिथे होता ते गाव आता नाही. भिंती आहेत, माणसं नाहीत. त्याच्याही नरसाळ्यात काहीतरी पडलं असेल, आणि त्याच्यासमोरही कोणीतरी गुडघे टेकून मोजलं असेल. आम्ही दोघं एकाच पत्र्याचे. त्यांच्या पोरांना आमच्या विमानांनी मारलं आणि आमच्यातल्या काहींना आमच्याच विमानांनी. आमच्या गावात लोक दुसरी गोष्ट तेवढी आठवतात.

तुमच्या बाई आता तात्पर्य विचारतील. अशा गोष्टींच्या शेवटी जुनी छत्री म्हणते मला जपा, जुनं पुस्तक म्हणतं मला फाडू नका. मला जपू नका, मी पुष्कळ जपला गेलो आहे, तेच नडलं. मला एवढंच सांगायचं आहे की उद्या तुमच्यातलं कोणी निरीक्षक होईल, कोणी फोनच्या दुसऱ्या टोकाचा साहेब होईल. जे वर दिसतंय ते लिहा. आणि कोणी विचारलेलं नसेल तरी सांगा, ज्याचं मूल पाणी पिणार आहे त्याला जाऊन सांगा. तुम्ही माना डोलावताय. टपरीवालाही चांगला माणूस होता.

जाऊ नका, अजून एक राहिलं. आठ वर्षांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, लेक इथे आली होती.

छकुलीच्या गळ्यातली कर्करोगाची गाठ ग्रंथीसकट काढून टाकली होती. आता जन्मभर रोज एक गोळी आणि पुढचे उपचार. सरकारी रुग्णालय म्हणालं, उपचार देऊ, पण तुमच्या गावात त्या दिवशी पाऊस निरंक आहे. पाऊसच पडला नाही तर मुलगी प्यायली काय? त्या दिवसाचं माप घेतलेल्या माणसाची सही आणा. म्हणून लेकीला बापाकडे यावं लागलं. मामा दर सोमवारी इथे येतात, शिपाई ओळखीचा आहे, तो त्यांना माझी काच पुसू देतो. ती त्यांना इथेच भेटली, याच बाकावर.  तिने फॉर्म पुढे केला.

 मामांनी हळूहळू लिहिलं. पाऊस, चौदा पूर्णांक आठ. पाण्याचं प्रमाण, चारशे ऐंशी मिलिलिटर. शेवटचा रकाना होता, 'पाणी कोणी पाजले'. लेकीने मान खाली घातली. मामांनी लिहिलं, 'मी स्वतः', आणि सही केली.

छकुली बाकाच्या टोकाला बसून हे सगळं बघत होती. नवव्या वर्षात असलेली सडपातळ मुलगी, गळ्याला आडवा व्रण. तिने विचारलं, "आजोबा, तुम्हीपण प्यायलात ते पाणी?"

"नाही गं."

"आईने?"

"तिनेही नाही."

"मग मीच का?"

मामांनी पेनाचं टोपण लावलं. "थोडंच होतं," ते म्हणाले. "आणि घरातलं सगळ्यात चांगलं पाणी होतं ते. म्हणून आम्ही कोणी घेतलं नाही. सगळं तुलाच ठेवलं."

छकुलीने थोडा विचार केला. मुलगी चांगल्या वळणाची आहे. कोणी आपल्यासाठी काही राखून ठेवलं तर काय म्हणायचं, हे आईने तिला शिकवलेलं होतं.

"थँक्यू, आजोबा," ती बसक्या आवाजात म्हणाली.